दुधाचा दात पडेपर्यंत

सरकारी कागदावर मी सहा वर्षं आई होते. तिथून माझं नाव काढायला एक वकील, एक न्यायालय, चार माणसांचं रक्त आणि नऊ महिने लागले. नऊ महिने ऐकून वकिलांचा कारकून गालातल्या गालात हसला होता. बावीस वर्षं मी शाळेत मुलांना वळण लावते आहे, तेव्हा अशा हसण्याकडे कसं पाहायचं ते मला चांगलं येतं. तो पुन्हा माझ्यासमोर हसला नाही. त्याच दिवशी कचेरीच्या जिन्यात मला रडू आलं, हेही सांगून टाकते.

मुलगी माझ्या जावेची. मी थोरली, ती धाकटी. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला इतवाऱ्यात आमचं घर आहे, खाली दोन खोल्या, वर दोन. माझे यजमान केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम करतात. दीर तेव्हा नेपानगरला कागद कारखान्यात यंत्रावर होते. माझी नोकरी देडतलाईच्या सरकारी शाळेत होती आणि यजमानांच्या बागाही त्याच बाजूच्या, म्हणून आम्ही दोघं तिथेच खोल्या घेऊन राहायचो. सणावाराला आणि सुट्टीत इतवाऱ्यात यायचो.

मला मूल नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा आम्ही दवाखाने बंद केले. एका संध्याकाळी यजमान म्हणाले, आता पुरे, आणि मी फाइल कपाटावर टाकली. जावेचं उलटं होतं. तिला दिवस राहायचे, मूल राहायचं नाही. पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. दुसरी मुलगी सव्वा महिन्याची झाली, हसायला लागली, आणि गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा जावेनं ते घरात सांगितलंच नाही. चौथ्या महिन्यात सासूबाईंनी तिच्या चालण्यावरून ओळखलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. जिची मुलं जगत नाहीत, तिचं मूल दुसरीच्या ओटीत घालतात. जन्मलं की दुसरी बाई मापभर दादर देऊन ते विकत घेते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. मग दूध जन्मदातीचं, पण मूल घेणारीचं. जन्मदातीनं त्याला कुणासमोर ‘माझं’ म्हणायचं नाही. ज्यानं आधीची दोन नेली, त्याला कळायला नको की हिच्याकडे अजून काही आहे. पहिला दुधाचा दात पडला की हा करार संपतो. जन्मदाती तेवढीच दादर घेणारीच्या ओटीत घालते, घेणारी तीनदा ‘तुझी तुला दिली’ म्हणते, आणि ती दादर घरात न शिजवता गाईला घालतात. मी पाचवीला विज्ञान शिकवते. मी या असल्या गोष्टींवर हसत आले आहे. पण जावेची ती हसायला लागलेली मुलगी मी मांडीवर घेतली होती, म्हणून त्या वेळी हसले नाही.

सासूबाई म्हणाल्या, या खेपेला छप्परही दुसरं पाहिजे. म्हणून सातवा संपत आल्यावर जाऊ सासूबाईंबरोबर देडतलाईला माझ्याकडे आली. वेळ आली की बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. एका सकाळी, माझ्या शाळेच्या वेळेला, तिच्या पोटात दुखायला लागलं. यजमानांनी गाडीला फोन केला, पण पोरीनं गाडीची वाट पाहिली नाही. मागच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या, त्यांनी सगळं निभावून नेलं. सासूबाईंनी माझ्या हातात माप दिलं. मी ते जावेच्या पदरात ओतलं आणि तिनं मुलगी माझ्या हातावर ठेवली. वजनाला ती त्या मापापेक्षा थोडीच जास्त होती. जावेनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की या पद्धतीत देणारीचं काय होतं.

सासूबाईंनी आणखी एक केलं. दवाखान्यांच्या सगळ्या जुन्या फाइली, आधीच्या दोघांच्या आणि हिच्याही, सोनोग्राफीच्या काळ्या चित्रांसकट पिशवीत भरल्या आणि तापीत सोडून दिल्या. जुनं काही घरात नको, म्हणाल्या.

घरी जन्म झाला की नोंद पंचायतीत होते. आठव्या दिवशी दीर आणि मी गेलो. सचिव नवीनच बदलून आले होते. त्यांनी फॉर्म माझ्याच हातात दिला, कारण देडतलाईत अर्ध्या गावाचे फॉर्म मीच भरायचे. अक्षर चांगलं, खाडाखोड नाही. जन्मतारीख लिहिली, जागा लिहिली. ‘पिता का नाम’, तिथे दिराचं नाव लिहिलं. ‘माता का नाम’, तिथे माझं. दीर बाहेर फोनवर बोलत होते. सचिवांनी माझं आधार कार्ड पाहिलं, दिराचं पाहिलं, शिक्का मारला. वडील बदलायचं काही कारण नव्हतं, ओटी बायकांची असते. त्यामुळे त्या कागदावर मी आणि माझा दीर नवरा-बायको झालो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

घरात पुढे सगळे म्हणत आले की सासूबाईंनी तसं लिहायला लावलं. त्याकडे मी येणारच आहे.

मुलगी जगली. दीड वर्षाची झाली तेव्हा माझी बदली बऱ्हाणपूरला झाली आणि आम्ही सगळे एका घरात आलो. पोरीचं कपाळ जावेचं, नाक जावेचं, रागावली की खालचा ओठ दुमडायची तोही जावेचा. तिला कडेवर घेऊन जाऊ भाजीला जायची आणि कुणी विचारलं, तुमची का, की म्हणायची, “नाही, जाऊबाईंची आहे.” आणि पुढच्या दुकानाकडे वळायची. नवखी माणसं एकदा पोरीकडे, एकदा तिच्याकडे बघून गप्प बसायची. जन्माच्या दाखल्यावर माझं नाव आहे हे तिला माहीत होतं. तिला त्याचं बरंच वाटलं. कागदावर पण माझी नाही म्हणजे अजून पक्कं झालं, असं ती म्हणाली होती. त्याच दाखल्यावर पोरीचं आधार निघालं, त्याच दाखल्यावर शाळेत नाव घातलं. फॉर्म अर्थातच मी भरले.

पोर तिला मम्मी म्हणायची, मला मोठी आई. तू कुणाची, असं कुणी विचारलं की सांगायची, मोठ्या आईची. तिला तसं शिकवलं होतं. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं. कधी कधी मी मुद्दाम पाहुण्यांना सांगायचे, विचारा हिला, तू कुणाची.

मग दिरांना मस्कतला नोकरी लागली. पुठ्ठा बनवायचा कारखाना होता, काम ओळखीचं होतं, आणि कुटुंबाला न्यायची सोय होती. दीर पुढे गेले. जावेचा पासपोर्ट झाला. पोरीच्या पासपोर्टसाठी आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. खिडकीमागच्या बाईंनी दाखला वाचला आणि विचारलं, माता कौन है. जावेनं माझ्याकडे बोट दाखवलं. पाच वर्षांची सवय, दुसरं काय. बाई म्हणाल्या, तो आप कौन हैं. जाऊ म्हणाली, चाची. और पिता? जाऊ म्हणाली, वो मेरे पति हैं. बाईंनी फाइल मिटली, चष्मा काढला आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्या वाईट वागल्या नाहीत. दाखला दुरुस्त करून या, एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर आम्ही दोघी आधी खूप हसलो. हसता हसता जाऊ म्हणाली, “ताई, आता काय करायचं?” आणि मग कुणीच हसेना.

पंचायतीच्या सचिवांनी सांगितलं, मात्रा चुकली असेल तर मी सुधारतो, बाईच बदलायची तर कोर्टाचा आदेश आणा. वकिलांनी दवाखान्याचे कागद मागितले. ते तापीत गेलेले. नर्सबाई मुलाकडे परगावी गेल्या आणि तिथेच वारल्या होत्या. वकील म्हणाले, मग रक्तच बोलेल. मुलीचं, जावेचं, दिरांचं आणि माझंही. माझं कशाला, मी विचारलं. ते म्हणाले, उद्या कुणी म्हणायला नको की मूल खऱ्या आईकडून काढून घेऊन परदेशी चालवलं आहे. तुम्ही आई नाही हे पण सिद्ध झालं पाहिजे. आणि ते दादर, विकत घेणं, वगैरे कागदावर मुळीच यायला नको, मूल विकलं असा त्याचा अर्थ होतो.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. थोरलीचं नि दिराचं मूल म्हणे, आता रक्त तपासणार. केळीच्या लिलावात कुणीतरी माझ्या यजमानांना डिवचलं. मला ते दुसऱ्याकडून कळलं. पण त्या दिवसापासून मस्कतहून फोन आला की आधी तेच घ्यायचे आणि भावाशी ओट्यावर उभं राहून मोठ्या आवाजात बोलायचे, जेवलास का, झोप होते का, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. या माणसानं मला आयुष्यात एक गजरा आणून दिलेला नाही. पण तो आवाज ऐकून मी आत चुलीपाशी हात जोडले होते.

वकिलांनी शपथपत्रांचे मसुदे दिले. सासूबाईंचंही एक होतं, कारण दोष त्यांच्यावर ठेवायचं ठरलं होतं. म्हातारी बाई, जुने विचार, न्यायालय समजून घेईल. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. दोन मुलं दगावल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीनं श्रद्धेपोटी आग्रह केला आणि थोरल्या सुनेनं तिच्या सांगण्यावरून दाखल्यावर स्वतःचं नाव लिहिलं. वाचताना एका जागी मी थांबले. पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगठा दिला.

नंतर मोरीपाशी त्या अंगठा घासत होत्या. मी तांब्यानं पाणी घालत होते. त्यांनी वर न बघता हळूच विचारलं, “म्या तं ओटीत घ्याले सांगितलं व्हतं, बाई. लिव्हाले कधी सांगितलं?”

तांब्या रिकामा झाला तरी मी तसाच तिरका धरून उभी होते.

“राहू दे माह्या नावावर,” त्या म्हणाल्या. “माह्यं काय जाते आता.”

त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मी शिक्षिका, फॉर्म म्हणजे काय आणि खोटी नोंद म्हणजे काय हे मला सचिवापेक्षा जास्त कळत होतं. ‘माता का नाम’ या अक्षरांपुढे एक रिकामी रेघ होती. असे शेकडो फॉर्म मी दुसऱ्या बायकांसाठी भरले होते आणि दर वेळी त्या रेघेवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहिलं होतं. त्या दिवशी मी माझं लिहिलं. घरी येऊन मी जावेला म्हटलं, सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे केलं. जावेला वाटलं, सासूबाईंनी सांगितलं असेल. सासूबाईंना वाटलं असेल, ते दोघं भाऊ काहीतरी बोलले असतील. सगळे एकमेकांवर सोडून मोकळे झाले आणि मी सहा वर्षं गप्प बसले.

दीर आठवड्याच्या सुट्टीवर आले तेव्हा रक्ताची तारीख मिळाली. सरकारी दवाखान्यात आमचे फोटो काढले, अंगठे घेतले. चार खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. पोरीची पाळी पहिली. नर्स म्हणाली, बच्ची को माँ की गोद में बिठाओ. पोर धावत आली आणि माझ्या मांडीवर चढली. नेहमीच चढायची, सुई असली की माझ्याच मांडीवर. नर्सनं फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं. जाऊ शेजारी पोरीच्या चपला हातात घेऊन उभी होती.

मी पोरीला म्हटलं, आज मम्मीच्या मांडीवर बस. ती उतरेना. मी तिचे हात माझ्या गळ्यातून सोडवले. ती रडली नाही, फक्त हळू आवाजात विचारलं, “मोठी आई, मी काही केलं का?”

मी म्हटलं, नाही, तू काही केलं नाहीस. एवढं एकच वाक्य त्या सगळ्या प्रकरणात मी पूर्ण खरं बोलले असेन.

माझी पाळी शेवटी आली. नर्सला सगळं कळलं नव्हतं. आपका किसलिए, तिनं विचारलं. मी म्हटलं, मैं नहीं हूँ, ये पता करने के लिए. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. बाहेर आल्यावर दिरांनी पोरीला मावा जिलेबी घेऊन दिली. तिनं अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी, नेहमीसारखी, मला आणून दिली. मी ती खाल्ली. कशी लागली ते आठवत नाही.

अहवाल चार महिन्यांनी आला. इंग्रजीत होता, आकड्यांचे रकाने होते. जावेच्या आणि दिरांच्या बाजूनं सगळं जुळलं होतं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं की ही स्त्री या मुलीची आई असू शकत नाही. हे काय मला नव्यानं कळत होतं? मला तर ते अकरा वर्षांच्या दवाखान्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी वकिलांच्या टेबलाशी बसून मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले, शेवटी वकिलांनी कागद हळूच ओढून घेतला. माहीत असलेली गोष्ट वाचून इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

न्यायालयात जावेची साक्ष होती. यजमान पोरीला घेऊन बाहेर बसले. न्यायाधीश बाई होत्या, आवाज मऊ होता. आमच्या वकिलांनी जावेला विचारलं, ये बच्ची किसकी है? साधा प्रश्न. जाऊ गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं कठड्यावरचा हात आवळला आणि मान खाली घातली. तिला ‘मेरी’ हा शब्द येत नव्हता असं नाही. तो शब्द तोंडातून काढला तर काय होईल याची तिला भीती होती. नवव्या दिवशीचं आणि सव्वा महिन्याचं, दोन्ही तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. पोरीचा एकही दात अजून हलत नव्हता. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी मागच्या बाकावरून उठून उभी राहिले. तसं उठायचं नसतं, मला माहीत होतं.

“मॅडम, बच्ची इसकी है,” मी म्हटलं. “मेरी नहीं है.”

न्यायाधीश बाईंनी मला बसायला सांगितलं. रागावल्या नाहीत. अहवाल समोर होताच, त्यांनी जावेला फक्त मान हलवून उत्तर द्यायला सांगितलं आणि तिनं मान हलवली. मग रीतसर मलाही बोलावलं आणि तेच सगळं शपथेवर माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

आदेश निघाला. मी स्वतःच देडतलाईला जाऊन जुना दाखला परत केला. तो मी प्लास्टिकच्या आवरणात ठेवला होता, एक घडी पडू दिली नव्हती. सचिवांनी त्यावर तिरकी रेघ मारली आणि नवीन छापून दिला. तो मी बसमध्ये वाचला नाही.

पासपोर्ट आला, व्हिसा आला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जावेनं मापानं दादर मोजून एका स्टीलच्या डब्यात भरली, वर फडकं बांधलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “ताई, कोर्टानं दिली, पण तुम्ही कुठं दिली अजून? तिथं दात पडला तं मी कशी येऊ? फोन करीन, तव्हा ही ओटीत घ्या अन् द्या.” सासूबाई म्हणाल्या, चालतं. दादर तिच्या हातची आहे म्हणजे झालं. पण नुसतं तोंडानं बोलून होत नाही, ओटीत घ्यावी लागते, हे त्यांनी मला बजावून सांगितलं.

स्टेशनवर पोर खिडकीतून हात बाहेर काढून माझं बोट धरून होती. गाडी हलल्यावर मी दोन-चार पावलं चालले आणि बोट सोडवून घेतलं. पावसाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी दाखल्याची ती गोष्ट स्वतःच्याच नावावर ठेवली.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी फोन आला. पोरीनं तोंड उघडून दाखवलं. खालचा पुढचा दात पडला होता, आणि त्या फटीतून तिची जीभ दिसत होती. मागून जाऊ म्हणाली, “ताई, आता द्या.” मी फोन फडताळाला टेकवला. त्यातून फक्त माझा चेहरा दिसत होता. मी तीनदा म्हटलं, तुझी तुला दिली. जाऊ हमसून हमसून रडली. मग तिनं पोरीला जवळ ओढून म्हटलं, “माझी बाय. माझी बाय ती.” साडेसहा वर्षांत मी पहिल्यांदा ‘माझी’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकला. किती वेळा म्हणत होती ती.

डबा फडताळातच होता. मी त्याला हात लावला नव्हता.

त्यातल्या दादरीत काही नाही हे मला कळतं. पण ते मला त्या फॉर्मच्या वेळीही कळत होतं. कागद गेला, रक्त गेलं, पोर गेली, एवढं एक मापभर राहू दे असं मला वाटलं. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाक करताना डब्याकडे नजर जायची. बरं वाटायचं, मग स्वतःची लाज वाटायची, आणि पोळी करपायची. असे तीन महिने गेले.

मग एका गुरुवारी सकाळी जावेचा फोन आला. पोरीला तीन दिवस ताप होता, उतरत नव्हता, दवाखान्यात ठेवलं होतं. जावेचा आवाज मी ओळखला. तो देडतलाईच्या आधीचा, पहिली दोन गेली तेव्हाचा आवाज होता. मी म्हटलं, घाबरू नको, आजकाल सगळीकडेच ताप आहे. शाळेत गेले. पाचवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. मुख्याध्यापकांना सांगून दुपारी घरी आले.

डबा काढला, फडकं सोडलं. देवघरापुढे उभी राहिले आणि दादर स्वतःच्या हातानं स्वतःच्या पदरात ओतली. तीनदा म्हटलं, मोठ्यानं, शाळेत म्हणतात तसं. तिसऱ्या वेळी मागे चाहूल लागली. यजमान दारात उभे होते. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि तसेच उभे राहिले. मग मी गल्लीच्या तोंडाशी गाय बांधलेली असते तिथे गेले. गाय सावकाश खात होती, पदर ओढत होती. एक दाणा खाली सांडला तोही उचलून तिला दिला.

घरी येऊन फोन लावला. जाऊ झोपेतून उठल्यासारखी बोलली. “ताप तं सकाळीच उतरला, ताई. तुमचा फोन ठेवला अन् तासाभरानं उतरला. पोर झोपली, मग मी बी झोपले. कळवायचं राहूनच गेलं.”

मी फडताळाशी खाली बसले. रिकामा डबा माझ्या हातातच होता. दादर ओतायच्या आधी एक फोन केला असता, तर ती अजून थोडी माझी राहिली असती. आता मागायचं कुणाकडे? पोर बरी आहे याचा आनंद होता, खोटं नाही सांगत, पण रडू आलं ते त्या आनंदाचं नव्हतं.

तेवढ्यात पोरीनं फोन घेतला. तिला तिकडे दवाखान्यात जेली दिली होती, ती हलायची, असं सांगितलं. मग म्हणाली, मोठी आई, तू आज शाळेत नाही गेलीस? मी म्हटलं, गेले होते, लवकर आले.

“काहून?”

“गाईला दादर घालायची होती.”

“खाल्ली तिनं?”

“खाल्ली.”

“सगळी?”

“सगळी,” मी म्हटलं.